हिट व्यायाम नवख्या माणसाने करावा का? (ग्वाल्हेर, वजन ७४, घाईत निर्णय घ्यायचाय)

लष्करची_सून
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, विषय आधी येऊन गेला असेल तर लिंक द्या. वय ३८, उंची ५ फूट २ इंच, वजन ७४, दोन मुलं, दिवसभर बसून काम. सिटी सेंटरला एक नवीन जिम झालंय, बाहेर हा मोठा बोर्ड, "२० मिनिटांत ५०० कॅलरी", हिट बॅच (थोडा वेळ जीव तोडून व्यायाम, मग थोडी विश्रांती, परत तेच), आठवड्यातून तीन दिवस. जाऊबाई जातात म्हणून मीही ट्रायलला गेले तर गेल्या गेल्या जंपिंग जॅक, मग बर्पी (खाली हात टेकून पाय मागे टाकायचे, परत उठून उडी), मग ते माउंटन क्लायंबर, ४० सेकंद करायचं २० सेकंद थांबायचं, आणि गाणी इतकी जोरात की कोणाला काही सांगायची सोय नाही. तिसऱ्या राउंडला डोळ्यापुढे अंधारी आली, मी सरळ खाली बसले, तर ट्रेनर म्हणतो दीदी पहले दिन सबको होता है, रुकना मत. सोमवार होता, उपास, सकाळपासून फक्त चहा. त्याचं म्हणणं रिकाम्या पोटीच चरबी जळते.

तर असलं काही नवीन माणसाने करावं का, वजन खरंच झपाट्याने उतरतं का, आणि आमच्या ह्यांनाही यायचंय, ते ४४ चे, बीपीची गोळी चालू आहे, त्यांना चालेल का? तीन महिन्यांची फी एकदम मागताहेत म्हणून विचारतेय.

थाटीपूरकर
बिनधास्त करा ताई. मी करतो, वेळ वाचतो, घाम निघतो, मजा येते. पहिले काही दिवस सगळ्यांनाच चक्कर येते, मग शरीर सेट होतं. तासभर ट्रेडमिलवर कोण रेंगाळणार यार.

निवांत_कंपूवाला
क्लास सुटल्यावर नया बाजारातून जिलबी बांधून नेऊ नका म्हणजे झालं. बाकी माझा अनुभव शून्य, मी प्रेक्षक.

मुरारची_फिजिओ
थाटीपूरकर, चक्कर येणं म्हणजे "सेट होणं" नाही हो. चक्कर आली की थांबायचं, आणि "रुकना मत" म्हणणाऱ्या ट्रेनरपासून जरा सांभाळूनच राहायचं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, मुरारला प्रॅक्टिस आहे, आमच्याकडे अशा बॅचमधून आलेले गुडघे आणि कंबरा बघते म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी तो बोर्ड. कॅलरीचा ढोबळ हिशेब मेट नावाच्या आकड्यावर करतात, स्वस्थ बसलेला माणूस म्हणजे १ मेट, जोरात चालणं साधारण ४, आणि असल्या उड्या-बर्पीचा क्लास सरासरी ८ धरा. मेट गुणिले वजन गुणिले तास. म्हणजे ८ गुणिले ७४ गुणिले एक तृतीयांश तास, झाले २०० च्या आतबाहेर. मधले थांबे धरले तर त्याहून कमीच. २० मिनिटांत ५०० जाळायच्या तर तुम्हाला सलग २० मेटवर काम करावं लागेल, तेवढं जागतिक दर्जाचे लांब पल्ल्याचे धावपटू वगैरेच करू शकतात. लष्कर भागातली सूनबाई पहिल्या महिन्यात ते करणार असेल तर तिला जिमची नाही, राष्ट्रीय शिबिराची गरज आहे.

आता तोच हिशेब चालण्याला लावा. ४ मेट, ७४ किलो, पाऊण तास, २२०. म्हणजे पाऊण तास झपझप चाललात तर त्या क्लासइतक्याच कॅलरी गेल्या, वेळ जास्त लागला एवढंच. हिटचा खरा फायदा वेळेचा आणि दमसास वाढण्याचा आहे. चरबीच्या बाबतीत ज्या अभ्यासांत हिट आणि मध्यम गतीचा सलग व्यायाम शेजारी ठेवून पाहिलाय त्यातल्या बहुतेकांत फरक जवळपास नाहीच निघत. आणि एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. आठवड्याला तीन क्लास म्हणजे ६००. जेवण आहे तसंच ठेवलंत तर एका किलोला जवळजवळ तीन महिने, म्हणजे ती पूर्ण फी. वजन मुख्यतः ताटात उतरतं, व्यायाम ते उतरलेलं टिकवायला आणि हृदय-स्नायू नीट ठेवायला.

रिकाम्या पोटाचं पण सांगते. उपाशी व्यायाम केला तर त्या वेळेपुरती चरबी थोडी जास्त वापरली जाते, पण दिवसभराचं गणित मांडलं तर वजनात फरक पडत नाही. मात्र उपास, वर नुसता चहा, पाणी कमी, आणि त्यात एकदम वर-खाली उठायच्या बर्पी, अंधारी येणार नाही तर काय होणार. तासभर आधी एक केळं किंवा दोन खजूर खाऊन जायला काहीच हरकत नाही, उपासालाही चालतं.

लष्करची_सून
बाप रे, ताई इतकं सगळं लिहिलंत, धन्यवाद. पण ट्रेनर म्हणतो क्लासनंतरही चोवीस तास कॅलरी जळत राहतात, आफ्टरबर्न का काय.

मुरारची_फिजिओ
जळतात, पण किती ते कोणी सांगत नाही. व्यायामात गेलेल्या कॅलरीच्या साधारण ६ ते १५ टक्के. तुमच्या २०० वर धरा, १२ ते ३०. अर्धी मारी बिस्किट ते एक मारी बिस्किट.

निवांत_कंपूवाला
एका मारी बिस्किटासाठी एवढ्या उड्या?? मी प्रेक्षकच बरा.

किल्लेदार_काका
माझं वय ६७, पोलीस खात्यातून रिटायर, लहानपणी आखाड्यात गेलेला माणूस. तुम्ही ज्याला हिट म्हणता ते काही नवीन नाही पोरी. दंड-बैठका, मग दम खा, मग परत, हेच करायचो. पण आमचे उस्ताद नवीन पोराला पहिल्या दिवशी बैठका मोजून मोजक्याच द्यायचे, पोरगा कितीही उड्या मारत म्हणाला अजून करतो तरी हात धरून बाजूला बसवायचे, माती उकरायला लावायचे. आम्हाला वाटायचं म्हातारा जळतो. आता कळतं.

माझं सरळ मत आहे, जिमची फी राहू दे, आधी किल्ला चढ. उरवाई गेटच्या बाजूने नको, तिथे गाड्या जातात, ग्वाल्हेर गेटच्या बाजूने, गुजरी महालापासून वर. चढ दगडी आहे, गाडी येत नाही, बादलगढचा दरवाजा, गणेश दरवाजा, लक्ष्मण दरवाजा करत हत्ती पोलापर्यंत. किल्ला खालच्या गावापासून जवळपास शंभर मीटर उंच आहे, ज्याला वाटतं मी फिट आहे त्याने एकदा न थांबता चढून दाखवावं. दोन दरवाज्यांच्या मध्ये जोरात जायचं, दरवाज्यापाशी सावलीत थांबून श्वास खाली येऊ द्यायचा. झालं तुमचं हिट, फुकट, वर मानमंदिर महाल बघायला मिळतो.

थाटीपूरकर
काका किल्ला भारी आहे पण रोज कोण जाणार थाटीपूरहून, पेट्रोल जिमच्या फीइतकं होईल 😄

बंगळूरवासी_ग्वाल्हेरी
मी मूळचा दाल बाजारचा, आता बंगळूरला. वरची चर्चा थोडी एकतर्फी चालली आहे असं वाटतंय म्हणून लिहितो. हिटवर भक्कम संशोधन आहे. कॅनडात मॅकमास्टर विद्यापीठात मार्टिन गिबाला यांच्या टीमने २०१६ मध्ये बैठं काम करणाऱ्या पुरुषांवर १२ आठवडे प्रयोग केला, एका गटाने दहा मिनिटांच्या सेशनमध्ये फक्त तीन वेळा २० सेकंद जीव तोडून सायकल मारली, दुसऱ्याने ४५ मिनिटं आरामात, दोघांचा दमसास सारखाच वाढला. नॉर्वेत तर हृदयरोग झालेल्या लोकांना ४ मिनिटं जोरात, ३ मिनिटं हळू असे चार राउंड देतात, तिथली २०१२ ची आकडेवारी आहे, ४८४६ पेशंट, मध्यम व्यायामाच्या १,२९,४५६ तासांत एक मृत्यू, जोरदार व्यायामाच्या ४६,३६४ तासांत दोन कार्डियाक अरेस्ट आणि दोघंही वाचले. बायपास झालेली माणसं करू शकतात तर ३८ वर्षांच्या धडधाकट बाईला घाबरवायचं कशाला? बसून राहणं जास्त धोक्याचं आहे.

मुरारची_फिजिओ
मुद्दा बरोबर आहे तुमचा आणि आकडेही. मी हिटच्या विरोधात नाहीच, माझ्या पेशंटना मीही इंटरव्हल देते. पण ते नॉर्वेवाले पेशंट आधी तपासलेले, पुनर्वसन केंद्रात, माणूस समोर उभा, पल्स बघत, दहा मिनिटं वॉर्मअप करून. आणि व्यायाम कोणता, तर चालणं, सायकल असला. त्यात बर्पी नाही. गिबालांच्या प्रयोगातही सायकलच, तिथे पाय घसरत नाही, गुडघ्यावर आदळत नाही, वर मध्ये सावकाश पॅडल मारायला दोन दोन मिनिटं होती. ४० सेकंद काम आणि २० सेकंद थांबा हे नवख्या माणसासाठी उलटं प्रमाण आहे, श्वास खाली यायच्या आतच पुढचा राउंड.

टबाटाचंही तेच. २० सेकंद काम, १० सेकंद विश्रांती, आठ वेळा, चार मिनिटं, आजकाल प्रत्येक ॲपमध्ये असतं. इझुमी टबाटांचा तो पेपर १९९६ चा, आणि ती पद्धत मुळात जपानच्या स्पीड स्केटिंग टीमचा कोच वापरायचा. प्रयोगातली मुलं कॉलेजच्या खेळांच्या टीममधली, तरुण, सायकलवर, इतक्या जोरात की सात-आठ राउंडमध्ये पाय उचलेनात असं व्हावं. आणि मोजलं काय तर दमसास, वजन नाही! त्यातून "४ मिनिटांत पोट कमी" कुठून आलं देव जाणे.

माझं म्हणणं एवढंच की जोर हा ज्याचा त्याचा असतो. अडतीस वर्षांची, वर्षानुवर्षं न चाललेली बाई किल्ल्याचा चढ जरा झपझप चढली की तिचा हार्ट रेट वरच्या पट्ट्यात गेलाच. तिच्यासाठी तेच हिट. तिला बर्पी करायला लावून काही जास्तीचं मिळत नाही, फक्त मनगट, कंबर आणि गुडघा धोक्यात येतो.

सराफ्यातली_वहिनी
बाकी सगळं ठीक पण गेल्या दोन वर्षांत व्हॉट्सॲपवर जिममध्ये माणूस कोसळला असे किती व्हिडिओ आले. आमच्या घरी तर सासूबाईंनी नवऱ्याला जिम बंदच करायला लावलं. खरं काय आहे त्यात?

मुरारची_फिजिओ
व्हिडिओ बघून व्यायाम बंद करणं म्हणजे भलतंच. पण भीती पूर्ण खोटीही नाही. १९९३ मध्ये अमेरिकेत एक मोठा अभ्यास आला होता, हार्ट अटॅकमधून वाचलेल्या हजारावर माणसांना विचारलं की अटॅकच्या आधीच्या तासात काय करत होतात. एकदम जोराच्या कामानंतरच्या त्या तासात धोका एरवीच्या सुमारे सहा पट. पण हे सरासरी झालं. जे आठवड्यात एकदाही घाम गाळत नाहीत त्यांच्यासाठी १०७ पट, आणि जे आठवड्यातून पाच किंवा जास्त वेळा करतात त्यांच्यासाठी जेमतेम २.४ पट. आता १०७ ऐकून दचकू नका, एखाद्या तासात अटॅक यायची शक्यता मुळात इतकी बारीक असते की शंभर पट होऊनही ती बारीकच राहते. पण कल बघा. धोका व्यायामाचा कमी आणि सवय नसताना एकदम अंगावर घेण्याचा जास्त. म्हणूनच आधी पाया घाला म्हणते.

आपल्याकडे अजून एक, भारतीय लोकांना हृदयाचा त्रास कमी वयात आणि कमी वजनावर सुरू होतो, त्यामुळे आपल्यासाठी बीएमआयची रेषा २५ ची नाही, २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात. कंबर बायकांची ८० सेंटिमीटर, पुरुषांची ९०, त्यापुढे लक्ष द्यायचं.

लष्करची सून, तुमच्या मिस्टरांबद्दल. बीपी गोळीवर नीट ताब्यात असेल तर व्यायाम उलट औषधच आहे. पण आधी घरी चार-सहा दिवस मोजा, आणि गोळी कोणती ते बघा. काही बीपीच्या गोळ्या, ज्यांना बीटा ब्लॉकर म्हणतात, त्या नाडी फारशी वर जाऊ देत नाहीत, मग घड्याळातला हार्ट रेट बघून "अजून जोर लावतो" असं केलं तर फसगत होते. डॉक्टरांना स्पष्ट विचारायचं, मला धाप लागेल असा व्यायाम करायचाय, चालेल का, टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून करतात ती हृदयाची तपासणी) करावी लागेल का. वडील किंवा भावाला लहान वयात अटॅक आलेला असेल, चालताना छातीत दडपण येत असेल, जबडा किंवा डाव्या हातात दुखत असेल, जिना चढताना पूर्वीपेक्षा जास्त धाप लागत असेल, कधी व्यायाम करताना शुद्ध हरपली असेल, तर तपासणी झाल्याशिवाय हिट नाहीच.

डबल_डोस
माझी आई ५९ ची, शुगर आहे, ग्लिमेपिराइड चालू, तिला माझ्याबरोबर यूट्यूबवर बघून इंटरव्हल करायचंय. चालतं का?

मुरारची_फिजिओ
ग्लिमेपिराइड किंवा इन्शुलिन चालू असलेल्यांची साखर व्यायामानंतर कित्येक तासांनीही एकदम खाली जाऊ शकते, हात थरथरणं, घाम, धडधड. उलट जोराच्या व्यायामात ॲड्रिनलीनमुळे थोडा वेळ साखर वरही जाते, त्याला घाबरून गोळी वाढवू नये. आधी मोजा, ९०-१०० च्या खाली असेल तर काही खाऊनच सुरू करा, खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवा. आणि दोन गोष्टी कोणी विचारत नाही त्या म्हणजे डोळ्याचा पडदा आणि पाय. पडद्यावर रक्तस्रावाचा धोका असेल तर उड्या, जोर लावणं, डोकं खाली घालणं बंद. पायाला बधिरपणा असेल तर बूट नीट, अनवाणी बिलकुल नाही. आईंना चालणंच द्या आधी, जेवणानंतर १५ मिनिटं, त्याने साखरेवर छान फरक पडतो.

जीवाजीगंजची_मावशी
मी एक उघड लिहू का, कोणी लिहीत नाही म्हणून. दोन बाळंतपणं झालेल्या बाईने जंपिंग जॅक मारले की लघवीचे थेंब गळतात. बायका लाजेने गप्प बसतात, काळी पँट घालतात, आणि मग जिम सोडतात आणि लोक म्हणतात हिच्यात चिकाटी नाही. त्या ट्रेनर पोराला हे माहीतच नसतं आणि आपण सांगत नाही.

लष्करची_सून
मावशी 🙏🙏 मला वाटलं माझंच असं.

मुरारची_फिजिओ
मावशी, बरं झालं लिहिलंत. अतिशय कॉमन आहे आणि बऱ्यापैकी बरं होतं. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ढिले झालेले असतात, त्यांचे व्यायाम शिकून घ्यावे लागतात, नुसतं पुस्तकात बघून बरेचजण उलटं करतात, आत ओढायच्या ऐवजी खाली ढकलतात. तोपर्यंत उडीवाला एकही प्रकार नको. जंपिंग जॅकच्या जागी पाय बाजूला टाकत हात वर, बर्पीच्या जागी खुर्चीवर हात ठेवून एकेक पाय मागे, स्थिर सायकल, चढ. धाप तेवढीच लागते.

किल्लेदार_काका
अजून एक आठवलं. पोलीस ट्रेनिंगमध्ये नवीन रंगरूटांना एकदा शिक्षा म्हणून बैठका मारायला लावल्या होत्या, दोन दिवसांनी एका पोराची लघवी काळ्या चहासारखी झाली, मांड्या दगडासारख्या, भरती करावं लागलं. ते काय असतं डॉक्टरीणबाई?

मुरारची_फिजिओ
काका, मी डॉक्टर नाही, फिजिओ, पण हे मला ठाऊक आहे आणि या धाग्यावर सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. त्याला रॅबडोमायोलिसिस म्हणतात. सवय नसलेल्या स्नायूवर एकदम खूप काम पडलं की स्नायूच्या पेशी फुटतात, आतलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात येतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. शाळेत शिक्षेच्या उठाबशा काढून मुलं भरती झाल्याच्या केसेस आहेत, परदेशात स्पिनिंगच्या (जागेवरच्या सायकलवर जोरात पॅडल मारायच्या) अगदी पहिल्या क्लासनंतर झालेल्या आहेत. गंमत म्हणजे हे जुन्या खेळाडूंपेक्षा नवीन उत्साही माणसांत जास्त, त्यातही पूर्वी फिट असलेले आणि मध्ये चार-पाच वर्षं सोडलेले. हृदय आणि जिद्द साथ देते, स्नायू देत नाहीत.

साधी अंगदुखी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढते आणि मग उतरते, तिला घाबरायचं नाही. पण दुखणं हाताबाहेर, स्नायू सुजलेला, हात-पाय सरळ होत नाही, आणि लघवी कोला किंवा काळ्या चहाच्या रंगाची झाली, तर घरी हळद-दूध पीत बसायचं नाही, मनाने पेनकिलर तर मुळीच नाही, त्या मूत्रपिंडावर अजून भार टाकतात. सरळ जयारोग्य हॉस्पिटलला इमर्जन्सीत किंवा जे जवळ असेल तिथे जायचं, सीपीके नावाची रक्ततपासणी करतात. वेळेत सलाइन लागलं तर बहुतेक माणसं पूर्ण बरी होतात. उन्हाळ्यात धोका जास्त, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला जातो, त्या पत्र्याच्या शेडमधल्या बॅचेस मला बघवत नाहीत.

बंगळूरवासी_ग्वाल्हेरी
हे मला माहीत नव्हतं. ट्रेनर लोकांना तरी माहीत असतं का?

मेळारोड_एमपीएड
मी सांगतो. मी एलएनआयपीईचा माजी विद्यार्थी. आपल्या गावात १९५७ सालापासून, १८५७ च्या शताब्दीला सुरू झालेलं शारीरिक शिक्षणाचं एवढं मोठं कॉलेज आहे, राणी लक्ष्मीबाईंच्या नावाचं, देशभरातून पोरं शिकायला येतात, आणि तरी गल्लीतल्या जिममध्ये ट्रेनर कोण तर ज्याचे दंड मोठे तो. ट्रेनरला चार गोष्टी विचारा, शिकलास कुठे, पहिल्या दिवशी माझी माहिती का नाही घेतली (बीपी, शुगर, छातीत दुखणं, चक्कर, औषधं, सांधे, गरोदरपण, हे छापील फॉर्मवर विचारतात, पाच मिनिटांचं काम आहे), माझ्यासाठी हलका प्रकार कोणता, आणि कोणी कोसळलं तर तू काय करशील. चौथ्या प्रश्नाला जो हसतो तिथे फी भरू नका.

आणि थंडीचं पण सांगून ठेवतो. लोकांना फक्त ऊन दिसतं. डिसेंबर-जानेवारीत धुक्यात, तीन-चार डिग्रीत, रजईतून उठून थेट स्प्रिंट मारणारे असतात आमच्या ग्राउंडवर. थंडीत रक्तवाहिन्या आवळतात, बीपी वर असतं. चाळिशीपुढच्या माणसाने ऊन पडू द्यावं, वॉर्मअप दुप्पट करावा. उन्हाळ्यात उलटं, सूर्य वर यायच्या आत आटपा, आणि पहिले दहा-पंधरा दिवस निम्म्याच जोराने, शरीराला गरमीची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच.

लष्करची_सून
अपडेट. ह्यांचं बीपी घरी मोजलं, सकाळी १५० च्या वर येतंय, गोळी चालू असून. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, महिनाभर फक्त चालायचं सांगितलं, मग टीएमटी बघू म्हणाले. जिमवाल्याला फॉर्मचं विचारलं तर म्हणाला ऐसा कोई फॉर्म नहीं होता. फी भरली नाही. आता माझ्यासाठी नक्की काय करू ते कोणी नीट सांगेल का, रोज किती, कसं?

मुरारची_फिजिओ
पहिले चार ते सहा आठवडे जोर नाही. आठवड्यातून पाच दिवस चालणं, २० मिनिटांपासून सुरू करून ४० पर्यंत, इतक्या गतीने की बोलता येतं पण गाता येत नाही. (तानसेनाच्या गावात गाता येत नाही म्हणायचं म्हणजे जरा अवघडच, पण ही कसोटी खरंच अशीच शिकवतात.) जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम सांगते, तर तुमचा पहिला टप्पा १५०. सोबत आठवड्यातून दोनदा ताकदीचं, खुर्चीवरून उठबस, भिंतीवर हात टेकून पुशअप, पिशवीत दोन पाण्याच्या बाटल्या घालून ती कमरेकडे वर ओढणं. हे वजन उतरताना स्नायू जाऊ नयेत म्हणून, वगळू नका.

मग इंटरव्हल. दहा मिनिटं साधं चालून अंग गरम, नंतर ३० सेकंद झपझप, इतकं की दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येऊ नये, दहापैकी सात-आठ जोर, दहा नाही. मग ९० सेकंद ते दोन मिनिटं सावकाश, श्वास खाली येईपर्यंत, घड्याळ काहीही म्हणो. असे चार राउंड. शेवटी पाच मिनिटं हळू चालत थांबायचं, एकदम बसायचं नाही, पायात रक्त साचून चक्कर येते, तुमची ती अंधारी अर्धी त्यामुळेही असू शकते. आठवड्यातून दोनच दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून. दोन-तीन आठवड्यांनी एखादा राउंड वाढवा, सहा-आठवर थांबा. एकाच वेळी जोर, राउंड आणि दिवस तिन्ही वाढवू नका. ताप, जुलाब, रात्रभर जागरण असेल त्या दिवशी सुट्टी. जोर लावताना श्वास कोंडून धरू नका, बीपी झटकन चढतं.

आणि ताट. उपासाला साबुदाणा खिचडी आणि वर शेंगदाण्याचा लाडू यात नेहमीच्या जेवणापेक्षा जास्त कॅलरी असतात हे तुम्हाला माहीत आहेच. डाळ, दही, अंडं, पनीर, उसळ थोडं वाढवा, तेल आणि साखर मोजा. महिन्याला दीड-दोन किलो उतरलं तर उत्तम चाललंय समजा.

किल्लेदार_काका
रविवारी मी असतोच किल्ल्यावर. पण सूनबाई, चढायला जोर लाव, उतरताना सावकाश, घाई नाही. मांड्या दुखतात त्या उतरल्याने.

मुरारची_फिजिओ
काका अगदी बरोबर, उतरताना स्नायू ताणत ताणत काम करतो, म्हणून दुखतो जास्त आणि गुडघ्यावर भारही जास्त. ज्यांचा गुडघा आधीच कुरकुरतो त्यांनी फक्त चढावं आणि वरून उरवाईकडून गाडीने यावं, त्यात कमीपणा नाही.

थाटीपूरकर
बरं मी एक मान्य करतो, मी कॉलेजात कबड्डी खेळायचो, त्यामुळे मला जमलं असेल. पण हिट बोरिंग नसतं हा मुद्दा माझा कायम. माणूस जे टिकवतो तेच खरं.

डबल_डोस
धाग्याशी संबंधित एक शंका, वय ४१, माझं घड्याळ काल चढावर १८५ दाखवत होतं, फॉर्म्युल्याप्रमाणे तर २२० वजा ४१ म्हणजे १७९ च्या वर जायलाच नको. घाबरून थांबलो. त्रास काहीच नव्हता, बोलत होतो मी चांगला.

मुरारची_फिजिओ
२२० वजा वय हा अंदाज आहे, दुसरा फॉर्म्युला २०८ वजा वयाच्या ०.७ पट, तुमच्या वयाला तोही १७९ च देतो, पण माणसामाणसांत १०-१२ ठोके इकडेतिकडे असतातच. दुसरं म्हणजे मनगटावरचं घड्याळ उजेडाने नाडी मोजतं, पट्टा सैल असला, घाम असला, मूठ आवळली असली की कधी पावलांचा ठेका नाडी समजून मोजतं. आरामात बोलत होतात म्हणजे १८५ बहुधा नव्हतंच. पुढच्या वेळी थांबून गळ्याला किंवा मनगटाला बोटं लावून १५ सेकंद मोजा आणि चारने गुणा. ते जुळत नसेल तर पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर घट्ट बांधून बघा. आणि आकडा खरंच तेवढा आला, किंवा ठोके मध्ये चुकल्यासारखे वाटले, किंवा थांबून पाच-सात मिनिटं झाली तरी खाली येत नसेल, तर ईसीजी काढून घ्या.